उशाशी बसण्याचा नियम

व्यसनापुढे सगळी माणसं समान, असं मी जाहीर केलं, तेव्हा आई धाकट्या भावाच्या चहात साखर ढवळत होती. मी फासे टाकत भूमिका वठवायचे खेळ रचतो. नव्या खेळात नशा सोडणाऱ्या पात्राला दहा दिवस घाम, थरथर, उलट्या सोसत फासे टाकावे लागतात. धाकट्याने नशेच्या गोळ्या सोडल्या तेव्हा दहा दिवस आई त्याच्या उशाशी होती. मी माझ्यापुरती अंडी उकडायला शिकलो. नियम वाचून तो म्हणाला, "दादा, तुझं पात्र तिसऱ्याच दिवशी गोळ्यांकडे पळेल. कपाळावर कुणी हात ठेवला, तर एक फासा जादा दे." "फुकटचे लाड नकोत," मी म्हणालो. आई हसली. "तू कधी त्रासच दिला नाहीस रे, तुझ्याकडे बघावंच लागलं नाही." मी जादा फाशाचा नियम लिहिला, खुर्ची तिच्याजवळ सरकवली. "आई, मला जरा ताप आहे का बघ ना."