सभासद क्रमांक एक

वाचकांच्या वर्गणीवर चालणाऱ्या ऑनलाइन वृत्तपत्राच्या सभासदांना प्रत्येक बातमी तासभर आधी वाचायला मिळे, आणि आज संपादिकेला त्या तासाचीच धास्ती होती. कोसळलेल्या पुलाच्या बातमीतला चौथा आरोपी तिच्या प्राध्यापकांचा मुलगा होता, आणि प्राध्यापक तर सभासद क्रमांक एक. चाळिसाव्या मिनिटालाच जिना चढून आलेल्या सरांनी सभासदत्वाचे कार्ड टेबलावर ठेवले. ती खुर्चीतून उठली. “सर, सभासदत्व सोडताय?” “संपादकबाई, पुरावे पक्के आहेत ना?” “हो, सर.” “मग भीड कुणाची? बाकी तिघांची नावं बापाच्या नावासकट, आणि आमच्या चिरंजीवांचा तेवढा बाप गाळलास!” “तुमची अब्रू जपायची होती.” “ती पुलाखाली सतरा माणसांबरोबर गेली. घाल माझं नाव. वीस मिनिटं उरलीत.” तिने नाव टंकले. सरांनी चष्मा पुसून ते वाचले आणि कार्ड परत खिशात ठेवले.