आठवी गोळी

"प्रेशर अठ्ठावन्न. दोन औषधं फुल चालू आहेत, तरी वर येत नाहीये," डॉक्टर रजत आयसीयूच्या दारातूनच म्हणाले.

दौलतराव बाकावरून उठून पुढे आले. त्यांच्या बायकोच्या, यमुनाबाईंच्या, हृदयाची झडप बदलून चार तास झाले होते. ऑपरेशन नीट पार पडलं होतं, हृदयही चालत होतं. पण रक्तवाहिन्या सैल पडल्या होत्या आणि रक्तदाब काही केल्या टिकत नव्हता.

"आता एक निळं इंजेक्शन बाकी आहे. पण आधी पक्कं सांगा, डिप्रेशन की कोई दवा लेती हैं क्या? ती चालू असेल आणि हे दिलं, तर जिवावर बेतेल."

"छे हो!" निदान एवढं तरी दौलतरावांना ठाऊक होतं. सकाळ-संध्याकाळ घड्याळ बघून ते स्वतः बायकोच्या हातावर गोळ्या ठेवत. सातही गोळ्यांची नावं त्यांनी धडाधड सांगितली. ऑपरेशनआधीही तिला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर त्यांनीच दिलं होतं. "हसतमुख बाई आहे ती. अख्ख्या अन्नपूर्णा रोडवर विचारा!"

डॉक्टर आत वळले.

"घेते," मागून दौलतरावांची मुलगी पूर्वा म्हणाली. "रोज एक. मीच आणून देते. डाळीच्या डब्यात लपवून ठेवते आई." तिने मोबाइलमधला औषधाच्या चिठ्ठीचा फोटो पुढे केला.

डॉक्टरांनी नाव वाचलं आणि ते धावलेच. "नीला इंजेक्शन मत देना! रुको!" दारापलीकडून त्यांचा आवाज आला.

दुसरं औषध दुसऱ्या हॉस्पिटलातून मागवावं लागलं. ते यायला पाऊण तास गेला. दौलतराव बाकावर बसून राहिले. एकदा उठून त्यांनी नर्सला विचारलं, "मी काही आणून देऊ का?"

"नाही काकाजी. बसा तुम्ही."

ते बसले. काचेतून फक्त हिरवा पडदा दिसत होता.

औषध चढलं. बासष्ट. पुन्हा साठ. मग सहासष्ट. संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. "नव्वद. अब सँभल गईं. वेळेवर सांगितलंत म्हणून."

दौलतरावांनी चष्मा काढून डोळे पुसले. मग लेकीकडे न बघताच त्यांनी विचारलं, "कधीपासून घेते?"

पूर्वाने मोबाइल पर्समध्ये ठेवला.

"तुम्ही रिटायर होऊन घरी बसलात ना बाबा, तेव्हापासून."