स्टेशनपासून दहा मिनिटे

फाटकाला कुलूप होतं. भालचंद्र परुळेकरने ते एकदा ओढून पाहिलं, मग पुन्हा एकदा. अकरा वर्षांत तुस्कानोंच्या केळीच्या वाडीच्या फाटकाला त्याने कुलूप पाहिलं नव्हतं. पाठीमागे गिऱ्हाईक उभं होतं. डोंबिवलीहून फ्लॅट बघायला आलेले जितेंद्र आणि स्वप्ना. जितेंद्रच्या हातात भालचंद्रनेच छापलेलं पत्रक होतं आणि त्यावर ठळक अक्षरांत होतं, ‘स्टेशनपासून चालत दहा मिनिटे’.

“रस्ता बंद आहे का हो?” स्वप्नाने विचारलं.

“आजच्यापुरता.” मन कितीही थकलेलं असो, दलालाची जीभ आपली चालतच असते.

मग नाक्यावरून, बाजारातून, तळ्याला वळसा घालून त्याने त्यांना नेलं. पंचवीस मिनिटं लागली. स्वप्नाने वाटेत दोनदा घड्याळ बघितलं आणि नंतर बघायचंच सोडून दिलं. फ्लॅट बघून दोघं “कळवतो” म्हणाले आणि स्टेशनला रिक्षाने गेले. ‘कळवतो’चा अर्थ दलालाला समजावून सांगावा लागत नाही.

त्याचा सगळा धंदा वाडीतून जाणाऱ्या वाटेवर उभा होता. ब्याण्णव साली तो वसईत आला तेव्हा त्याच्याकडे एक टेबल होतं आणि दोन खुर्च्या, त्यातली एक उसनी. पण गाव त्याने पायाखाली घातलं. कुठल्या विहिरीचं पाणी गोड, आषाढात कुठे गुडघाभर तुंबतं, कुठल्या आळीत कोण नांदतं, सगळं त्याला तोंडपाठ. तेव्हाच त्याने रुडॉल्फ तुस्कानोंना विचारलं होतं, “अंकल, वाडीतून माणसं नेली तर चालेल?” रुडॉल्फ म्हणाले होते, “ने की. केळीला हात लावू नका म्हणजे झालं.” त्या एका वाक्यावर दोनशे बिऱ्हाडं इथे राहायला आली आणि रोज सकाळी त्याच वाटेने गाडी पकडायला गेली. नाताळला भालचंद्र केक घेऊन जायचा, गणपतीला रुडॉल्फ केळीचा घड पाठवायचे. यापलीकडे कागद नव्हता की सही नव्हती.

गिऱ्हाइकाला नेताना भालचंद्र पुढे झपाझप चालायचा. ही वेलची केळी, ही राजेळी, हा पानवेलींचा मांडव, असं बोलत राहायचा. माणसं गार सावलीत खूश होऊन त्याच्यामागे जवळजवळ पळत यायची आणि घड्याळाकडे बघायचं कुणाच्या ध्यानात राहायचं नाही. आता पन्नाशी उलटली होती, गुडघे कुरकुरत होते. तरी मागे गिऱ्हाईक असलं की पाय पळायचेच.

दुपारी तो फ्लॅटच्या इमारतीकडच्या उघड्या बाजूने वाडीत शिरला. मोजणीवाले केळींमधून दोऱ्या ताणत होते. ते बघूनच त्याला काय ते कळलं. रुडॉल्फ ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते.

“विकली?”

“विकली,” रुडॉल्फ म्हणाले. “विहीर मचूळ झाली. पोरगा मस्कतला. मी आता केळी लावायची कुणासाठी?”

भालचंद्र खालीच बसला. बी विंगचे अकरा फ्लॅट विकायचे राहिलेत, हे त्याच्या मनात पहिल्यांदा आलं, समोरचा म्हातारा नंतर. त्याची त्याला लाज वाटली. मग ती दोनशे बिऱ्हाडं आठवली. उद्या इथे भिंत उठली की रोज सकाळी वळसा घालताना ती माणसं कुणाच्या नावाने बोटं मोडणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. अकरा वर्षांत कमावलेलं नाव एका भिंतीत जाणार होतं.

“आणि वाट?” त्याने विचारलं.

रुडॉल्फनी सदऱ्याच्या खिशातून घडी घातलेलं पत्रक काढलं. भालचंद्रचंच होतं.

“दहा मिनिटं लिहिलंयस ना तू? लोकांनी ते वाचून घरं घेतली. मग मी सहा फुटांची वाट सोडून बाकीची विकली. वाट नगरपालिकेला लिहून दिली. बिल्डर म्हणाला, भाव कमी होईल. म्हटलं, कर कमी. माझ्या वाडीपायी तुझा शब्द खोटा पडायला नको.”

भालचंद्रने पत्रक हातात घेतलं आणि ‘दहा’वरून बोट फिरवलं.

“दगड रोवून होईस्तोवर माणसं नकोत, म्हणून कुलूप घातलं,” रुडॉल्फ म्हणाले आणि त्यांनी त्याच्या हातात किल्ली दिली. “तू जा संध्याकाळी मधूनच. किल्ली उद्या आणून दे.”

संध्याकाळी त्याने इमारतीखालचं ऑफिस बंद केलं. निघताना, का कोण जाणे, घड्याळ बघितलं. मागे गिऱ्हाईक नव्हतं, त्यामुळे पाय आपल्या चालीने पडले. वाटेत तो कुणाशी बोलला नाही. फाटकाचं कुलूप तेवढं काढून लावलं. स्टेशनच्या पुलाच्या पहिल्या पायरीशी पोचल्यावर त्याने पुन्हा घड्याळ बघितलं आणि तिथेच कठड्याला टेकून बराच वेळ उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने प्रीतम पेंटरला ऑफिसच्या बोर्डापाशी शिडी लावायला सांगितली. प्रीतमने आकडा ऐकला आणि ब्रश खाली घेतला.

“शेठ, चौदा लिहिलं तर गिऱ्हाईक फिरकणार नाय. सगळे दहाच लिहितात.”

“चौदाच लिही,” भालचंद्र म्हणाला. “वरच्या चार मिनिटांच्या थापेसाठी सोडायला आता अंकलकडे जमीन उरलेली नाही.”