बेधडक पळा

लेकीने आई आणि मावशीमध्ये पैज लावून दिली: मोबाइलवरच्या बेसबॉलमध्ये जी हरेल तिने दुसरीच्या घरी जायचं. दोघी बहिणींचा अबोला तीन वर्षांचा आणि आधी कुणी जायचं यावरच घोडं अडलेलं. शेवटच्या डावात मावशीला जिंकायला दोन धावा हव्या होत्या आणि मैदानावर तिचे दोन जाडजूड खेळाडू अर्ध्या वाटेवर होते. एकही बाद झाला की हार ठरलेली. चेंडू आईच्या गोलंदाजाच्या हातात असतानाच मावशीने ‘सावध’ हा पर्याय सोडून ‘बेधडक पळा’ निवडलं. पण गोलंदाज ढिम्म हलला नाही. दोघे जाडे धापा टाकत शेवटच्या तळावर पोहोचले, दोन धावा झाल्या आणि मावशी जिंकली. लगेच तिला आईचा फोन आला. “ताई, कशाला पळवलंस त्यांना?” “मला हरायचं होतं! तू बाद का नाही केलंस?” “मलाही!” आई खिदळत म्हणाली. “आता ऊठ, दार उघड. तुझ्या जिन्यातच बसलेय मी.”