सलग भिंत

ओवीचं दिवसकार्य आटोपल्यावर सुनेत्रा लेकीची पाण्याची बाटली आणायला शाळेत गेली. ही इमारत तिनेच आखली होती. पटावरून एक नाव कमी झालं की रातोरात भिंती आत सरकायच्या, बाकं आपसूक जवळ यायची आणि वर्गात रिकामी जागा म्हणून उरायची नाही. मुलांच्या मनाला तेच बरं, असं तिनेच शाळेच्या समितीला पटवून दिलं होतं.

वर्गशिक्षिका खानविलकरबाईंनी बाटली तिच्या हातात दिली.

"ओवी कुठे बसायची हो?" सुनेत्राने विचारलं.

बाईंनी बाकांवरून नजर फिरवली. "इथेच कुठेतरी, खिडकीपाशी. पण ताई, ती खिडकी आता राहिली नाही."

मुलं पाढे म्हणत होती. कुणाचंच काही अडलं नव्हतं.

सुनेत्रा भिंतीपाशी गेली. सांधा हाताला लागता कामा नये, असं ती साइटवर कारागिरांना नेहमी बजावायची. तिने वरपासून खालपर्यंत बोटं फिरवली. भिंत सलग, गुळगुळीत होती.

"काम चोख झालंय," ती म्हणाली, आणि पुन्हा वरपासून चाचपायला लागली.