मुख्य लढत

खुर्ची जाईल या धास्तीने खोपडेअण्णा दुपारपासून लघवीलाही उठले नव्हते. बॉक्सिंग बघायला आले होते. आतापर्यंत चार किरकोळ लढती, दोन लावण्या आणि सगळ्या प्रायोजकांचे सत्कार बघून झाले होते. मुख्य लढतीचे दोघे बॉक्सर हातमोजे चढवून कोपऱ्यात जांभया देत होते.

एकदाची बेल वाजली. लाल चड्डीवाल्याचा पहिलाच ठोसा असा बसला, की निळ्या चड्डीवाला आडवाच झाला. पंचांनी दहा आकडे मोजले.

“पैसे वसूल!” म्हणत अण्णा उठले, तेवढ्यात माइक खरखरला. “रसिकहो, बसून घ्या. आमदारसाहेब आत्ताच पोहोचलेत. त्यांच्या सत्कारानंतर हीच लढत पहिल्यापासून होईल.”

अण्णा पाय आवळून मटकन बसले. निळ्या चड्डीवाला मात्र टुणकन उठला.