बॉनेटवरची गाठ

डॉक्टरांनी खोक्यातून गाडी अलगद काढली, जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि हात मागे बांधून ते कौतुकाची वाट बघत उभे राहिले.

वीतभर लांबीची लाल गाडी. लांबलचक नाक, तारांची चाकं, अंगावर पांढऱ्या गोलात सात नंबर. डॉक्टर खरे दातांचे, पण गेले कित्येक महिने त्यांचा सगळा जीव या गाडीत अडकला होता. दात कोरायच्या हत्यारांनी त्यांनी तिचं स्टिअरिंग कोरलं होतं. पेशंटच्या तोंडात हात असताना डॉक्टरांचं डोकं गिअरच्या दांड्यात असतं, असं त्यांची नर्स म्हणायची आणि त्यात फारसं खोटं नव्हतं.

"अगंबाई!" मुलगी टेबलावर वाकली. पन्नाशीची बाई, पण क्षणात लहान झाली. "आई, बघ तरी. बाबांची गाडी!"

आई खुर्चीत बसून चष्मा पुसत होती. कवळी बसवून घ्यायला गेली होती, तेव्हा तिनेच विषय काढला होता. "डॉक्टर, तुम्ही गाड्या करता म्हणे. आमच्या ह्यांची करून द्याल? कारखान्यातून आणली तेव्हा होती तशी. नवी कोरी."

"देतो की, मावशी," डॉक्टर तेव्हा म्हणाले. पण नवी कोरी गाडी काय, कोणीही करतं. मग त्यांना एका जुन्या वर्तमानपत्रात याच गाडीचा फोटो सापडला. शेवटच्या शर्यतीच्या सकाळचा. खाली बातमीही होती, की भर वेगात बॉनेट उघडून वर आलं, समोरचं दिसेनासं झालं, गाडी कठडा तोडून गेली आणि चालवणारा जागीच गेला. डॉक्टर वाचून हळहळले. मग भिंग घेऊन फोटोकडे वळले. बायकोला हाताला धरून त्यांनी तो दाखवायला आणलं.

"अहो, पण मावशींनी नवी सांगितली होती ना?" बायको म्हणाली होती.

"तुला नाही कळायचं यातलं."

आता ते मावशींना एकेक गोष्ट दाखवू लागले. चाकामागचा चिखल. डाव्या अंगाचा पोचा. धुराच्या नळीखालची काजळी. मावशी चष्मा लावून गाडीवर वाकल्या होत्या. त्या हरखून गेल्यात, असा डॉक्टरांनी आपल्या सोयीने अर्थ काढला.

"आणि ही तर खरी गंमत," ते म्हणाले. "बॉनेट आवळायचा चामडी पट्टा त्या दिवशी तुटला असणार. त्याच्या जागी कोणीतरी कापड बांधलंय. आजवर एकाही मॉडेलवर हे नाही, मावशी! फोटो मोठा करकरून बघितला तेव्हा कळलं, ठिपक्यांचा स्कार्फ आहे. एकेक ठिपका सुईच्या टोकाने काढलाय. फक्त फोटो काळा-पांढरा, त्यामुळे रंग माझ्या मनाचा दिला. निळा."

"हिरवा होता," आई म्हणाली.

मुलगी हसली. "तुला गं काय माहीत?"

"माझाच होता."

मुलगी हसायची थांबली. डॉक्टरांनी गाडीकडे बघितलं, मावशींकडे बघितलं आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हिरवा करून देतो की. दोन दिवसांचं काम."

बोलले आणि त्यांचे कान तापले. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. बाईने नवी गाडी मागितली होती. लग्नानंतरची, हौसेची. आणि आपण शहाण्यासारखे तिच्या आयुष्यातली सगळ्यात वाईट सकाळ, चिखलासकट, तिच्या टेबलावर आणून मांडली. वर शाबासकीसाठी उभे राहिलो. इतकी लाज त्यांना शाळेत छड्या खातानाही वाटली नव्हती. खोकं उचलावं, गाडी आत घालावी आणि निघावं म्हणून त्यांनी हात पुढे केला, पण मावशींचं बोट आधीच बॉनेटवर पोचलं होतं.

"ते म्हणत होते, पट्टा तुटलाय, आज राहू दे," मावशी गाडीशीच बोलत होत्या. "मीच म्हटलं, एवढ्याशासाठी कुठे माघारी जायचं? चारचौघांत हसं होईल. गळ्यातला काढला आणि बांधला."

"आई, हे तू कधी बोलली नाहीस."

"कोणाला सांगू? तू तेव्हा कडेवर होतीस."

मुलगी खुर्ची ओढून बसली. डॉक्टरांना बसायचं सुचलं नाही. मावशींनी नख गाठीखाली घातलं आणि हळूच ओढून पाहिलं. पुन्हा ओढलं.

"ही निघत नाही का हो?"

"नाही, मावशी." डॉक्टरांना स्वतःचाच आवाज ऐकवेना. "आतून गोंद लावलाय."

"कितीही ओढली तरी?"

"कितीही ओढली तरी."

मावशींनी नख काढून घेतलं. स्कार्फचं विस्कटलेलं टोक बोटाने नीट बसवलं.

"चांगली बांधलीत," त्या म्हणाल्या. "माझी सुटली."